बिनलेबलची बाटली

शिंपीणबाई कापड शिवत नव्हती, लोखंड जोडत होती. बसचे सांगाडे बनवणाऱ्या शेडमध्ये ती चौदा वर्षं वेल्डिंग करत होती. तिचा जोड इतका बारीक आणि एकसारखा यायचा, की कुणीतरी एकदा "ही तर शिंपीण आहे" म्हणालं, आणि त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं. कामाला वाघ आणि तोंडाने त्याहून वाघ, अशी तिची ख्याती होती. फोरमनसुद्धा तिच्याशी बोलायला यायचा तो दोन पावलं लांब उभा राहून.

नवरा मालवाहू बोटीवर, सहा-सहा महिने घराबाहेर. घरात ती, धाकटा दीर आणि जाऊ. दिराला सहा वर्षांपूर्वी तिनेच शेडमध्ये आणलं होतं. रॉडचा होल्डर कसा धरायचा, करंट कितीवर ठेवायचा, वितळलेल्या लोखंडाचा थेंब कसा हाकायचा, सगळं तिनेच शिकवलं. तोही हुशार निघाला. "वहिनीचा हात आहे त्याला," असं लोक म्हणायचे तेव्हा ती वरवर कपाळाला आठ्या घालायची आणि आतून फुलून यायची.

त्या वर्षी एकदम चाळीस गाड्यांची ऑर्डर आली. तोवर दर दोन वेल्डरांमध्ये जाड काळपट लाल रबरी पडदे असायचे. एकाच्या ठिणगीचा उजेड शेजारच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. आता सांगाडे चिकटून उभे करायचे होते आणि ट्रॉली फिरवायला पडदे आडवे येत होते. फोरमनने एका दुपारी सगळे पडदे उतरवले आणि गुंडाळून शेडच्या मागे टाकून दिले.

"ऑर्डर संपली की परत लावू," तो म्हणाला.

"मग आमचे डोळेपण काढून मागेच ठेवा," शिंपीणबाई म्हणाली. "ऑर्डर संपली की परत लावू."

शेड हसली. फोरमनही हसला. पडदे मागेच राहिले.

पाचव्या दिवशी चौघांना आर्क लागली. वेल्डिंगचा उघडा उजेड डोळ्यावर पडला की त्याला आर्क लागणं म्हणतात, आणि ज्याला ती लागलेली नाही त्याला ती सांगून कळत नाही. काम चालू असताना काही जाणवत नाही. घरी जाऊन चार घास खावेत, तोवर डोळ्यात कुणीतरी वाळू ओतून वर तारेच्या ब्रशने घासायला घेतं. शिंपीणबाई आणि दीर दोघेही ओल्या फडक्यांखाली डोळे झाकून भिंतीला टेकून बसले होते. जाऊ एकदा हिचं फडकं भिजवायची, एकदा त्याचं.

सकाळी शिंपीणबाई सुजून चिरा झालेल्या डोळ्यांनी फोरमनसमोर उभी राहिली. "दोन दिवस सुट्टी द्या. चौघांनाही."

"दोन दिवस? आणि गाड्या कोण उभ्या करणार, माझी आजी?" त्याने प्रथमोपचाराचं कपाट उघडलं आणि बोटाच्या पेराएवढी बाटली काढली. तिच्यावरचं लेबल खरवडून काढलेलं होतं. "डोळा वर कर. डॉक्टर लोक हेच वापरतात."

दोन थेंब पडले. गालावर ओघळलेलं पाणी पुसेपर्यंत दुखणं गेलं होतं. कमी झालं नव्हतं, साफ गेलं होतं, कुणी बटण बंद करावं तसं. शिंपीणबाईला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. पुढे तिला सगळ्यात जास्त चीड आली ती त्या हसण्याची.

तिने तीन दिवस थेंब टाकले. मग साप्ताहिक सुट्टी आली, तिने तो दिवस डोळे मिटून झोपून काढला आणि डोळे आपसूक बरे झाले. बाटली एप्रनच्या खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी दीर शेजारी येऊन उभा राहिला.

"वहिनी, ती बाटली आहे का गं? मला परत लागलीय."

तिच्या तोंडावर मुखवटा होता आणि हातातला जोड अर्धा झाला होता. तिने वर न बघता खिशात हात घातला आणि बाटली मागे धरली. "घ्या," म्हणाली. एवढंच. किती टाकायचे, कधी थांबायचं, काही नाही. तिला तरी कुठे ठाऊक होतं?

तीन आठवडे गेले. दीर आधी सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचा, मग दर दोन तासांनी, मग चहाच्या सुट्टीआधी आणि चहाच्या सुट्टीनंतर. दुखणं परत यायचं ते दर वेळी आधीपेक्षा जोरात, म्हणून तो दर वेळी आधीपेक्षा लवकर टाकायचा. बाटली संपली तेव्हा फोरमनने दुसरी दिली. घरी तो अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचा. "झोप होत नाही, म्हणून लाल दिसतायत," असं बायकोला सांगायचा. शिंपीणबाईला ते लाल डोळे दिसत होते. पण चाळीस गाड्यांच्या धबडग्यात कुणाचे डोळे लाल नव्हते?

मग एका सकाळी त्याने जोडलेला खांब तिच्या हाताखाली आला. जोड वाकडातिकडा, मध्येच भोक, मध्येच गोळा. शिकाऊ माणूससुद्धा असं काम करत नाही. तिने सगळ्यांसमोर त्याला फाडून खाल्लं. "या खांबाला माणसं धरून उभी राहणार आहेत, भाऊजी! लक्ष कुठे आहे? की मीच येऊन धरू तुमचा हात?"

त्याने मान वर केली आणि तिने त्याच्या उजव्या डोळ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. बुबुळावर दुधाच्या सायीसारखं पांढरं कडं चढलं होतं.

"हे काय आहे?"

"काही नाही गं."

"मी किती बोटं धरलीयत?"

त्याने अंदाज केला. अंदाज चुकला.

डोळ्यांच्या इस्पितळात त्यांना एका चाळिशीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिराची हनुवटी यंत्रावर टेकवून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "डोळ्यात काय टाकता?"

"काही नाही. पाणी मारतो फक्त."

"आठवा. दुखत असताना काय टाकता?"

"काहीच नाही."

"डोळ्याची वरची कातडी गेलीय सगळी, आणि तुम्ही इथे शांतपणे बसलाय. या अवस्थेतला माणूस माझ्या टेबलावर डोकं आपटतो. तिसऱ्यांदा विचारते. काय टाकता?"

दिराचा हात पँटच्या खिशावर गेला. फोरमनने बजावलं होतं की बाटलीचं बाहेर बोललास तर पुन्हा मिळणार नाही. त्याला नोकरी जाण्यापेक्षाही बाटली न मिळण्याचीच भीती होती. शिंपीणबाई उठली, सगळ्यांदेखत त्याच्या पँटच्या खिशात हात घातला आणि बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलली, उजेडात धरली, वास घेतला. त्यांचा चेहरा बदलला. "लेबल कुणी काढलं?"

"आम्हाला अशीच मिळाली," शिंपीणबाई म्हणाली. "डॉक्टर लोक हेच वापरतात म्हणाले."

"वापरतो. डोळा बधिर करायचं औषध आहे हे. डोळ्यात लोखंडाचा कण रुतलेला असला, तर तो काढण्यापुरते दोन थेंब. आम्ही टाकतो, आम्ही काम करतो, विषय संपला. पेशंटच्या हातात ही बाटली आम्ही कधी देत नाही. घरी तर नाहीच नाही." त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढलं. बुबुळावर एक वाकडी रेघ मारली. "ही पुढची काच, कॉर्निया. हिच्यावर पेशींचा पातळ थर असतो. ओरखडा पडला की शेजारच्या पेशी सरकत येतात आणि जखम झाकतात. दिवसरात्र हेच काम. हे औषध वारंवार गेलं की त्या पेशी सरकायच्या थांबतात, नव्या तयार होत नाहीत, आहेत त्या मरतात. शिवाय डोळा बधिर, त्यामुळे पापणी पुरेशी मिटत नाही, पाणी येत नाही. जखम वाढते आणि माणसाला वाटतं आपण बरे होतोय."

"पण दुखणं थांबायचं ना," दीर पुटपुटला.

"दुखणं थांबत नव्हतं. जखमेचा निरोप तुम्हाला सांगायला येणारा मरत होता."

शिंपीणबाईने विचारलं, "आणि आर्क लागली, तेव्हा हे टाकलं नसतं तर?"

"डोळे मिटून घरी बसायचं. साधं मलम, थंड पट्टी, दुखण्याची एखादी गोळी. बहुतेक वेळा दोन दिवसांत आपोआप भरून येतं."

"दोन दिवसांत."

"हो. का?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती शिंपीणबाईला त्या स्टुलावर बसल्याबसल्या अक्षरशः वर चढताना जाणवली. दोन दिवस तिने मागितले होते. तोंड उघडून, शब्द उच्चारून मागितले होते. आणि नंतर आपल्याच हाताने बाटली पुढे केली होती.

त्याला दाखल करून घेतलं. डाव्या डोळ्याची आशा होती. उजव्याची काच इतकी पातळ झाली होती की ती फुटू नये एवढाच प्रयत्न करायचा होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि थेंब बंद केले. मग तीन आठवडे दाबून ठेवलेलं सगळं दुखणं एकदम वर आलं.

दुपारभर शिंपीणबाई त्याच्या उशाशी होती. तो लोखंडी कॉट धरून थरथरत होता.

"वहिनी, एक थेंब. एकच. मग मी कधी मागणार नाही."

"नाही."

"तुझ्याकडे असेल. तुझ्या पर्समध्ये असेल. बघ ना!"

"नाहीय. आणि असती तरी दिली नसती."

"तेव्हा दिलीस की! तेव्हा बरी दिलीस!" तो ओरडला. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली. नंतर दिराने तिला ज्या शिव्या दिल्या, त्या सहा वर्षांत त्याच्या तोंडून तिने ऐकल्या नव्हत्या. ती त्याची दोन्ही मनगटं घट्ट धरून बसली, कारण पट्ट्या ओरबाडायला त्याचे हात सारखे वर जात होते. पोलाद पकडून राकट झालेले तिचे हात त्या दिवशी कामी आले.

दारात जाऊ उभी होती. ती केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"ताई, बाटली तुम्ही दिलीत?"

"हो. पहिली मी दिली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"विचारलं होतंत कुणाला, काय आहे त्यात ते?"

"नाही."

जाऊने मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. तिने फक्त शिंपीणबाईच्या हातातून नवऱ्याची मनगटं काढून आपल्या हातात घेतली. "तुम्ही जा आता," म्हणाली. भांडली असती तर बरं, असं शिंपीणबाईला वाटलं. भांडण तिला जमत होतं. या गप्पपणाचं काय करायचं हे तिला जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन आली तेव्हा जाऊ अंघोळीला घरी गेली होती आणि कॉटशेजारी फोरमन बसला होता. हातात सफरचंदांची पिशवी, चेहऱ्यावर माया. दिराच्या मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, आणि डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या दिराच्या हातात फोरमनने पेन दिलं होतं. त्याचं बोट धरून सही कुठे करायची ते दाखवत होता.

"हे काय चाललंय?"

"अगं, रजेचा अर्ज," फोरमन उठत म्हणाला. "कंपनी पगारी रजा देतेय त्याला. मी स्वतः बोललो साहेबांशी."

तिने पुठ्ठा ओढून घेतला. सहीची दोन अक्षरं झाली होती, तिसरं अर्धवट. तिने कागद मोठ्याने वाचला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा वाचला. रजेचा शब्द त्यात एकदाही नव्हता. सदर औषध कामगाराने स्वतःच्या जबाबदारीवर बाहेरून आणले, कंपनीच्या आवारात असे औषध ठेवले जात नाही, त्याबाबत कामगाराची कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

"हे आहे त्यात?" दीर म्हणाला. "रजेचा म्हणाले मला."

"आंधळा केलात," शिंपीणबाई फोरमनला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि तिला ओळखणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळला असता. "आंधळा केलात, आणि आता त्याच आंधळेपणावर सही घेताय?"

"जपून बोल. त्याला बाटली मी नाही दिली, तू दिलीस. मी तुला दिली होती, तीही दया येऊन. तुझे डोळे आहेत ना धड? मग औषध वाईट कसं?"

ते तिला लागलं. बरोबर जिथे लागायचं तिथेच लागलं. पण फोरमनचा हिशेब एका ठिकाणी चुकला. त्याला वाटलं होतं की स्वतःची चूक ऐकली की बाई गप्प बसेल. शिंपीणबाईने कागदाची घडी केली, ब्लाउजमध्ये खोचली आणि सरळ शेडचा रस्ता धरला.

शेडमध्ये काम जोरात होतं. सहा ठिकाणी ठिणग्या उडत होत्या, मध्ये एकही पडदा नाही. तिने भिंतीवरची मोठी खटकी खाली ओढली. सगळे वेल्डिंग सेट एका दमात बंद पडले. लोकांनी मुखवटे वर केले. तिने प्रथमोपचाराचं कपाट उघडलं. आत ना पट्टी, ना कापूस, ना मलम. एक गंजलेली कात्री आणि बिनलेबलच्या चार बाटल्या. त्या तिने कामाच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"माझ्या दिराचा उजवा डोळा गेला," ती म्हणाली. "या पाण्याने गेला. पहिली बाटली मीच दिली, ते मी कुणापासून लपवणार नाही. आता तुमच्या खिशातल्या काढा."

पत्रा कापणारा जमिनीकडे बघत राहिला. मग ग्राइंडरवर बसणारे काका, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, पुढे आले आणि त्यांनी मोज्यातून बाटली काढली.

"काका, तुम्ही तर वेल्डिंगपण करत नाही!"

"कण उडतात ना, बाई. खुपतं. फोरमनने दिली."

त्यांच्यामागून आणखी तिघे आले. एकाने बाटली ठेवताना हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि मग घाईघाईने ठेवली, जणू चटका बसत होता.

"पडदे लागेपर्यंत मी खटकी वर करू देणार नाही," शिंपीणबाई म्हणाली आणि खटकीला पाठ लावून उभी राहिली.

सगळेच्या सगळे तिच्या बाजूने उभे राहिले असं मात्र झालं नाही. दोघे "आमच्या पोटावर का पाय?" म्हणून वैतागले. एक जण तर तिला ढकलायलाच आला होता, काकांनी अडवलं. पण चौघे शेडच्या मागे गेले आणि पडदे ओढून आणले. उंदरांनी दोन कुरतडले होते, बाकीचे शाबूत होते. तासाभराने मालक गाडीतून उतरले तेव्हा शिडीवर माणूस चढलेला होता आणि तिसरा पडदा वर जात होता.

मालकांनी आधी आवाज चढवला. मग तिने घडी उलगडून दोन अक्षरांची सही दाखवली आणि टेबलावरच्या आठ बाटल्या दाखवल्या. मग त्यांनी आवाज उतरवला. "बाई, आपण आपसात मिटवू."

"माझा डोळा असता तर मिटवला असता," ती म्हणाली. "तो माझा नाही."

दुसऱ्या दिवशी ती कामगार कचेरीत निघाली तेव्हा जाऊ चप्पल घालून दारात उभी होती.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर." तिने पदर खोचला. "माझा राग गेलेला नाही, ताई. जाईल असंही मला वाटत नाही."

"नको जाऊ देऊस. माझापण माझ्यावर आहे."

"पण त्या माणसावर जास्त आहे," जाऊ म्हणाली, आणि दोघी निघाल्या. कचेरीत कारकुनाने जबाब लिहून घेतला. पहिली बाटली कुणी दिली, हे शिंपीणबाईने आपलं खरं नाव सांगून लिहायला लावलं. त्याने "हे लिहिलंच पाहिजे का?" असं विचारलं तेव्हा जाऊ म्हणाली, "लिहा. आणि त्याच्या वर ताईंना कुणी दिली तेही लिहा."

तपासणी झाली. पडदे राहिले. कपाटात मलम आणि पट्ट्या आल्या, आर्क लागलेल्याला दोन दिवस रजा, असा कागद भिंतीवर लागला. ग्राइंडरवाल्या काकांचे डोळे वेळेत वाचले. फोरमनचं काय झालं? काही नाही. त्याला मालकांच्या दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं, तिथे तो गोदाम बघतो आणि म्हणे पूर्वीपेक्षा निवांत आहे. हे कळलं त्या दिवशी शिंपीणबाईने रागाच्या भरात हातोडीने एक चांगली सरळ बिजागरी वाकवून टाकली.

दिराचा डावा डोळा जवळजवळ पूर्ण भरून आला. उजव्यावर आता कायमचा पांढरा ढग आहे. कुणीतरी दान केलेली काच मिळाली तर बदलता येईल, डॉक्टरीणबाईंनी नाव यादीत घातलंय. किती दिवस लागतील ते त्याही सांगत नाहीत. त्याला वेल्डिंग बंद. तो आता पाइप वाकवायच्या यंत्रावर असतो.

इस्पितळातून घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी त्याने स्वतः चहा गाळायला घेतला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. चहाची धार कपाशेजारून सरळ ओट्यावर गेली, तिथून खाली, त्याच्या पायावर. तो शिवी हासडून मागे सरला.

शिंपीणबाई धावली. "मी सांगितलं होतं ना, मी करते म्हणून!"

"किती दिवस करणार आहेस तू? दुसऱ्याचा कप जन्मभर भरणार आहेस?"

"भरीन! तुम्हाला काय त्याचं?"

"मला नको! मला तुझी दया नकोय, वहिनी! तीन आठवडे मी तुझ्या शेजारी उभा राहून आंधळा होत होतो आणि तू मला जोड वाकडा आला म्हणून शिव्या देत होतीस!"

"आणि तुम्ही सांगितलं का एका शब्दाने? तोंड शिवलं होतं का तुमचं? घरात दोन बायका होत्या, एकीला तरी सांगायचंत!"

भांडण चांगलंच पेटलं. इस्पितळापासून दोघांनी एकमेकांशी इतकं जपून बोलायला सुरुवात केली होती की घरात श्वास घ्यायला जड जायचं. आता भांडी दणाणली, शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. जाऊ दारात येऊन ऐकत राहिली. तिने कुणाची बाजू घेतली नाही. शेवटी दीर धापा टाकत थांबला, कप सरळ केला, आणि या वेळी गाळणीची कड कपाच्या कडेला आधी टेकवली, मग धार सोडली. निम्मा चहा कपात गेला.

शिंपीणबाईचा हात फडक्याकडे गेला होता. तिने तो मागे घेतला.

"ओट्यावरचं तुम्हीच पुसा," ती म्हणाली.

"पुसतो," तो तितक्याच रागाने म्हणाला, आणि पुसू लागला.